खेळ थांबल्यानंतरचे मन
(कुटुंबांसाठी अभ्यासपाठ)

खेळ हा बालकाचा स्वभावधर्म आहे. जे मूल खेळत नाही त्याच्या प्रकृतीची आईला काळजी वाटू लागते. बाळकृष्णाच्या ज्या लीला आपण भक्तिभावाने गातो त्याही बहुतांशी गोकुळातल्या खेळाच्याच लीला आहेत. तेव्हा मुलांनी खेळावे की न खेळावे, हा आजच्या पाठाचा विषय नाही. मोबाइलच्या किंवा संगणकाच्या पडद्यावर चालणारे जे व्हिडिओ गेम आज घरोघर आले आहेत, त्यांना मुलाच्या दिवसात किती जागा असावी, आणि विशेषतः तो खेळ बंद झाल्यावर मुलाच्या मनाची जी अवस्था होते तिच्याकडे वडीलधाऱ्यांनी कोणत्या दृष्टीने पाहावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

१. आपल्या घरांतील आजची स्थिती

इंदूर आणि महू यांच्या मधले, आग्रा-मुंबई मार्गावरचे राऊ आता पूर्वीसारखे लहान गाव राहिलेले नाही. इंदूर शहर वाढत वाढत येथवर येऊन पोहोचले आहे. १९९६ साली स्थापन झालेल्या भारतीय प्रबंध संस्थेचा विस्तीर्ण परिसर येथेच आहे. कोणी पीथमपूरच्या कारखान्यांत पाळीवर जातो, कोणी इंदुरात नोकरीस जातो. कित्येक घरांत आई व वडील दोघेही दिवसभर बाहेर असतात. शाळेची बस मुलास दारी सोडते तेव्हा घरी आजी-आजोबा असतात, किंवा कोणीच नसते.

अशा घरांत मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. शाळा बंद झाल्या, आणि मोबाइल मुलाच्या हाती पाटी म्हणून आला. त्या दिवसांत दुसरा मार्गही नव्हता. पुढे शाळा पुन्हा भरू लागल्या. परंतु ती पाटी मुलाच्या हातून परत घेतली गेली नाही. ती खेळणे होऊन घरात राहिली.

आता एक प्रसंग डोळ्यांसमोर आणावा. तो कल्पित आहे, परंतु वाचणाऱ्यास अपरिचित वाटणार नाही. सायंकाळचे साडेसात वाजले आहेत. दहा वर्षांचा नातू कोपऱ्यात मोबाइल घेऊन बसला आहे. आजोबा म्हणतात, "बाळ, आता पुरे कर. पाने वाढली आहेत."

"आजोबा, फक्त पाच मिनिटं."

पाच मिनिटांची पंधरा होतात. मग आई येते आणि काही न बोलता मोबाइल काढून घेते. क्षणापूर्वी शांत बसलेले मूल ओरडू लागते, ताट दूर सारते, आजोबांना उलट उत्तर देते. आजोबा दुखावतात. "हल्ली मोठ्यांचा मान म्हणून राहिला नाही," असे ते म्हणतात. आईस अपराधी वाटते. रात्री वडील कामावरून येतात, सर्व ऐकतात, आणि आठ दिवस मोबाइल बंद, अशी शिक्षा फर्मावतात. तिसऱ्या दिवशी कोणी पाहुणे येतात, मुलाची भुणभुण नको म्हणून मोबाइल पुन्हा त्याच्या हाती दिला जातो, आणि चक्र पूर्ववत सुरू होते.

या प्रसंगात घरातील प्रत्येकाने मुलाच्या वर्तनास उद्धटपणा असे नाव दिले. हे नाव अर्धेच खरे आहे. त्या क्षणी मुलाच्या मनात नेमके काय घडते हे समजून घेतले, तर उपाय कोठे करावयाचा हेही समजते.

२. ज्या खेळास शेवट होता आणि ज्यास तो नाही

आपले जुने खेळ पाहावेत. मोक्षपट हा सोंगट्यांचा खेळ श्रीज्ञानेश्वरांनी रचला असे परंपरा मानते. त्यात शिड्या आहेत, साप आहेत, पुनःपुन्हा खाली घसरणे आहे. परंतु शेवटचे घर आले की डाव संपतो. विटीदांडू, लगोरी, हुतूतू यांस अंधार पडला की आपोआप शेवट होई. इंदूरकरांना क्रिकेटचे प्रेम तर वारशानेच मिळाले आहे. कर्नल सी. के. नायडू, मुश्ताक अली यांसारख्या खेळाडूंच्या होळकर संघाने १९४५-४६ ते १९५२-५३ या काळात चार वेळा रणजी करंडक जिंकला. त्या खेळातही डाव संपत असे, दिवस संपत असे, यष्ट्या उचलल्या जात. खेळाडूचे शरीर थकलेले असे, आणि शरीराबरोबर मनही घरी परतण्यास तयार झालेले असे.

पडद्यावरचे आरंभीचे खेळही याच जातीचे होते. १९९७ साली नोकियाच्या मोबाइलमध्ये सापाचा खेळ आला. त्यात साप लांब होत जाई व अखेर स्वतःच्याच शेपटीला धडकला की खेळ संपे. आज मुले जे खेळ खेळतात त्यांतील पुष्कळांची रचना निराळी आहे. एक पायरी संपताच दुसरी उघडते. रोज हजेरी लावल्यास बक्षीस मिळते आणि एक दिवस चुकल्यास मालिका तुटते. काही खेळांत बक्षिसाच्या बंद पेट्या असतात. पेटीतून काय निघेल ते आधी कळत नाही. कधी क्षुल्लक वस्तू निघते, कधी दुर्मीळ.

या शेवटच्या गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने गेल्या शतकाच्या मध्यास कबुतरांवर पुष्कळ प्रयोग केले. चोच मारल्यावर दाणा केव्हा मिळेल याचा नेम नसला, तर कबुतर अतिशय चिकाटीने चोच मारीत राहते, आणि दाणे बंद झाल्यावरही ते लवकर थांबत नाही, असे त्यांना आढळले. अनिश्चित बक्षीस हे निश्चित बक्षिसाहून मनाला अधिक घट्ट धरून ठेवते. जुगाराचे बळ यातच आहे. बेल्जियम देशाने २०१८ मध्ये अशा विकत घ्यावयाच्या बक्षीसपेट्यांस जुगाराच्या कायद्याखाली आणले, त्याचे कारणही हेच. आपल्या संसदेनेही ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ चालविण्यास मनाई केली.

तात्पर्य हे की, ज्या खेळातून मुलाने आपण होऊन उठावे अशी आपली अपेक्षा असते, तो खेळ पुष्कळदा त्याने उठू नये याच हेतूने रचलेला असतो. एका बाजूस अनुभवी तज्ज्ञांची रचना आणि दुसऱ्या बाजूस दहा वर्षांचे मूल, असा हा सामना आहे. तो समबलांचा नाही.

३. त्या क्षणी मनात काय घडते

१९९८ साली लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातील संशोधकांनी व्हिडिओ गेम खेळणाऱ्या माणसांच्या मेंदूची चित्रे घेतली. खेळत असताना मेंदूच्या एका आतल्या भागात डोपामिन नावाचे द्रव्य अधिक प्रमाणात स्रवते, असे त्यांना दिसले. ओढ, अपेक्षा, 'आता मिळेल, आता मिळेल' ही भावना यांच्याशी या द्रव्याचा निकटचा संबंध आहे. यावरून खेळ म्हणजे विष, असे मुळीच ठरत नाही. आवडते पक्वान्न पाहूनही असेच काहीसे घडते. परंतु मन अशा रीतीने ताणलेल्या धनुष्यासारखे असताना अकस्मात खेळ हिसकावून घेतला, तर तो ताण नाहीसा होत नाही. तो रागाच्या रूपाने बाहेर पडतो.

हा क्रम आपल्याला नवा नाही. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात विषयांच्या चिंतनापासून आसक्ती, आसक्तीपासून इच्छा आणि इच्छेपासून क्रोध उत्पन्न होतो, असे सांगितले आहे. क्रोधानंतर मोह आणि स्मृतिभ्रंश येतो. ताट ढकलणाऱ्या मुलास त्या क्षणी समोर आजोबा आहेत याचे भान नसते. तासाभराने तेच मूल आजोबांच्या कुशीत येऊन बसते.

अठराव्या अध्यायात सुखाचे जे प्रकार सांगितले आहेत तेही येथे आठवावेत. जे आरंभी अमृतासारखे आणि शेवटी विषासारखे लागते ते राजस सुख. जे आरंभी कडू आणि परिणामी अमृतासारखे ते सात्त्विक. म्हणजे सुखाची परीक्षा त्याच्या परिणामावरून करावयाची आहे. हीच कसोटी आपण मुलाच्या खेळास लावू या. मूल खेळताना किती आनंदात दिसते, यावरून खेळाचे मोल ठरत नाही. खेळ थांबल्यानंतर अर्ध्या तासाने त्याचे मन कसे आहे, हे पाहावे. ते हसतमुख असेल, भुकेने जेवत असेल, खेळातील गमती सांगत असेल, तर तो खेळ त्यास मानवला. ते चिडखोर, उदास किंवा शून्य दिसत असेल, तर तो खेळ, ती वेळ किंवा तो कालावधी त्यास मानवत नाही.

४. थोर पुरुषही पटावरून उठले नाहीत

मुलास रागावण्यापूर्वी सभापर्वातील द्यूताची कथा स्मरावी. धर्मराज युधिष्ठिर सत्यनिष्ठ होते, ज्ञानी होते. द्यूत अनर्थकारक आहे हे त्यांना ठाऊक होते. तरीही एकदा पटावर बसल्यावर राज्य, बंधू, स्वतः आणि अखेरीस द्रौपदी पणास लागेपर्यंत ते उठू शकले नाहीत. याहूनही विचार करण्यासारखी गोष्ट पुढे आहे. सर्व काही परत मिळून सुटका झाल्यानंतर दुसऱ्यांदा बोलावणे आले, तेव्हा ते पुन्हा जाऊन बसले. नलराजाची कथाही अशीच आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तात तर खुद्द जुगारी आपली व्यथा सांगतो: आता जाणार नाही असे तो ठरवितो, आणि फाशांचा आवाज कानी पडताच त्याची पावले तिकडे वळतात.

मुलाचा साधा खेळ आणि द्यूत ही एकच वस्तू नव्हे. तथापि 'पुढचा डाव' या दोन शब्दांची मनावरील पकड दोन्हीकडे सारखीच आहे. जेथे धर्मराजांचा संकल्प टिकला नाही, तेथे एकट्या बालकाने केवळ मनोबळाने उठावे, अशी अपेक्षा करणे न्यायाचे होणार नाही. त्या सभेत भीष्म होते, द्रोण होते, विदुरांनी तर स्पष्ट निषेधही केला; पण खेळ थांबविण्याची काही रीत आधी ठरलेली नव्हती. आपल्या घरी ती रीत आधी ठरविणे, हे वडीलधाऱ्यांचे कर्तव्य आहे.

५. किती वेळ, याविषयी जाणकारांचे मत

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. एक वर्षाखालील बालकास पडदा मुळीच नको, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलास दिवसातून एका तासाहून अधिक नको, असे त्यात सांगितले आहे. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे मतही असेच आहे: दोन वर्षांपर्यंत नाही; दोन ते पाच वर्षांपर्यंत फार तर एक तास; पाच ते दहा वर्षांपर्यंत दोन तासांहून कमी. यात दूरदर्शन संच, मोबाइल, सर्व पडदे मिळून मोजावयाचे आहेत.

त्याहून मोठ्या मुलांविषयी २०१४ मध्ये ब्रिटनमधील दहा ते पंधरा वर्षांच्या सुमारे ५,००० मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवसातून एक तासाच्या आत खेळणारी मुले मुळीच न खेळणाऱ्या मुलांपेक्षाही किंचित अधिक समाधानी होती. तीन तासांहून अधिक खेळणारी मुले कमी समाधानी होती. मात्र हे दोन्ही फरक लहानच होते. म्हणजे थोडा खेळ हितकर असू शकतो, अति खेळ हितकर नसतो, आणि मुलाचे सुखदुःख केवळ घड्याळावर अवलंबून नसते.

राज्यसत्तेच्या बळाने मुलांचा वेळ मोजण्याचेही प्रयत्न झाले. दक्षिण कोरियाने २०११ मध्ये सोळा वर्षांखालील मुलांना मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत ऑनलाइन खेळ बंद करणारा कायदा केला, आणि २०२१ मध्ये तो मागे घेण्याचे ठरविले. चीनने २०२१ मध्ये अल्पवयीनांना शुक्रवार, शनिवार, रविवार व सुट्टीच्या दिवशी केवळ रात्री आठ ते नऊ इतकाच वेळ ठेवला. आपल्या देशात काही खेळांवर बंदी आली. पब्जी मोबाइल सप्टेंबर २०२० मध्ये बंद झाला, आणि त्याचाच भारतीय अवतार २०२१ मध्ये आला. कायद्याने काही दारे बंद होतात हे खरे. परंतु सायंकाळी साडेसात वाजता घरात काय घडावे, हे घरानेच ठरवावे लागते.

६. घरी पाळावयाची रीत

(अ) शेवट आधी ठरवावा. खेळ सुरू होण्यापूर्वी तो कोठे संपेल हे मुलाबरोबर बसून ठरवावे. त्यासाठी वडिलांनी प्रथम मुलास विचारावे, "एक डाव किती वेळ चालतो रे?" अनेक खेळांत चार जणांचा संघ असतो आणि एक डाव सुमारे अर्धा तास चालतो. तो मधेच सोडला तर सोबत्यांचा डाव मोडतो व मूल त्यांच्यात खोटे पडते. अशा खेळास 'वीस मिनिटे' अशी मर्यादा घालणे म्हणजे भांडणाचे बी पेरणे होय. 'एक डाव' किंवा 'दोन डाव' अशी मर्यादा मुलास पटते, कारण ती खेळाच्या स्वभावास धरून असते.

(आ) शेवट नित्यक्रमास जोडावा. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये लहान मुलांच्या घरांचा अभ्यास केला. 'आता दोन मिनिटे उरली' अशी सूचना दिल्याने भांडण कमी होते, अशी पालकांची समजूत असते; प्रत्यक्षात त्या सूचनेनंतर मुले अधिकच हट्ट करीत, असे आढळले. जेथे पडदा बंद होणे हा रोजच्या क्रमाचा भाग होता, किंवा कार्यक्रम आपोआपच संपत असे, तेथे मुले सहज उठत. तो अभ्यास पाच वर्षांपर्यंतच्या मुलांचा होता, पण त्यातील बोध मोठ्या मुलांनाही लागू पडण्याजोगा आहे. आपल्या घरांत असा क्रम नव्याने शोधावयास नको. दिवेलागण ही पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली मर्यादा आहे. दिवा लागला की बाहेरचा खेळ संपे. तोच नियम पडद्यासही लावावा. दिवा रोज लागतो, त्याच्याशी मुलास वाद घालता येत नाही, आणि आईलाही रोज नवा हुकूम सोडावा लागत नाही.

येथे एक सावधगिरी मात्र बाळगावी. खेळ हिसकावून त्याच क्षणी मुलास शुभंकरोति म्हणावयास बसविले, तर त्याच्या मनात देवघर आणि दुःख यांची गाठ पडेल. दोहोंच्या मध्ये दहा-पंधरा मिनिटांची मोकळी जागा असू द्यावी.

(इ) ही मोकळी जागा शरीरास द्यावी. हातपाय धुणे, पाणी पिणे, गच्चीवर फेरी मारणे, आजोबांबरोबर दुकानापर्यंत जाऊन येणे, अशा साध्या गोष्टींनी ताणलेले मन सैल होते. या वेळेत अभ्यासाची चौकशी करू नये, उपदेशही करू नये. विचारावयाचेच असेल तर, "आज कोण जिंकले?" एवढेच विचारावे. ज्या घरात खेळाविषयी मोकळेपणाने बोलता येते, तेथे मूल खेळातील अडचणीही लपवीत नाही.

(ई) रागास वेळ बक्षीस देऊ नये. मूल ओरडले म्हणून दहा मिनिटे वाढवून दिली, तर ओरडण्याने वेळ मिळतो हा धडा ते शिकते. कधी वाढवून द्यावे, कधी देऊ नये, हे तर त्याहून वाईट. स्किनरच्या कबुतराप्रमाणे मूल चोच मारीत राहते, कारण दाणा कधीतरी मिळतो हे त्यास ठाऊक असते. आई नाही म्हणते आणि आजी हळूच हो म्हणते, अशा घरात हेच घडते. आजीच्या मायेत खोट नाही. तथापि नियम एकच असावा आणि तो आजी-आजोबांना विचारून ठरविलेला असावा. त्याच न्यायाने शिक्षाही लहान आणि पाळता येईल अशीच असावी. तिसऱ्या दिवशी मोडणारी आठ दिवसांची शिक्षा मुलास एवढेच शिकविते की, वडिलांचा शब्द टिकत नाही.

(उ) झोप राखावी. सहा ते बारा वर्षांच्या मुलास नऊ ते बारा तास आणि तेरा ते अठरा वर्षांच्या मुलास आठ ते दहा तास झोप हवी, असे निद्राविषयक तज्ज्ञ सांगतात. सकाळच्या चिडचिडीचे मूळ पुष्कळदा रात्रीच्या खेळात असते. निजण्यापूर्वी निदान एक तास पडदा बंद असावा, आणि मोबाइल मुलाच्या खोलीत राहू नये. घरातील सर्वांचे मोबाइल रात्री एकाच जागी, बैठकीच्या खोलीत ठेवावेत. सर्वांचे म्हणजे वडिलांचाही. आपण जेवताना मोबाइल पाहावा आणि मुलास संयम शिकवावा, हे साधत नाही.

(ऊ) पैशाची दारे बंद ठेवावीत. खेळातील वेश, शस्त्रे किंवा बक्षीसपेट्या विकत घेण्याची सोय अनेक खेळांत असते. मुलाच्या हातच्या मोबाइलवर बँकेचे कार्ड किंवा यूपीआय जोडलेले ठेवू नये, आणि त्याचा गुप्त अंक मुलास सांगू नये. तरीही मुलाकडून पैसे गेलेच, तर प्रथम त्यास जवळ घ्यावे. हिशेब नंतर करावा. पैसा गेल्याच्या भीतीने मुले टोकाचा विचार करतात, असे शोकप्रसंग आपल्या देशात घडलेले आहेत. 'काहीही घडले तरी घरी सांगता येते' ही खात्री मुलास असणे, हे कोणत्याही रकमेहून मोलाचे आहे.

(ए) रिकाम्या वेळेस दुसरे काही द्यावे. केवळ 'खेळू नको' म्हटल्याने वेळ भरत नाही. मल्लखांब हा २०१३ पासून मध्यप्रदेशाचा राज्यक्रीडाप्रकार आहे. मैदान, पोहणे, तबला, पेटी, पत्त्यांचा किंवा कॅरमचा घरगुती डाव, यांपैकी मुलास जे रुचेल ते निवडू द्यावे. मोठ्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ मुलाबरोबर खेळण्यास राखून ठेवावी. मुलाचा आवडता व्हिडिओ गेम त्याच्याकडून शिकून एक डाव हरून पाहण्यासही आजोबांनी संकोचू नये.

७. केव्हा अधिक सावध व्हावे

कित्येक मुले खेळासाठी खेळत नाहीत. दुसऱ्या कशापासून दूर जाण्यासाठी खेळतात. शाळेत कोणी छळत असेल, अभ्यास झेपत नसेल, नव्या वस्तीत मित्र मिळाले नसतील, घरात मोठ्यांचे पटत नसेल, तर पडद्यामागे लपणे मुलास सोपे जाते. अशा मुलाचा मोबाइल काढून घेतला तर त्याचा आसरा जातो, दुःख मात्र तेथेच राहते. म्हणून रोजच्या रोज खेळ बंद होताच मूल उदास होत असेल, तर खेळाबाहेरचे कारण आधी शोधावे.

जागतिक आरोग्य संघटनेने व्हिडिओ गेमच्या विकारास आपल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत स्थान दिले आहे. ती आवृत्ती मे २०१९ मध्ये संमत झाली व १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. त्यातील लक्षणे तीन आहेत. खेळावर ताबा न राहणे. इतर आवडी व नित्यकर्मे यांहून खेळास अधिकाधिक महत्त्व येणे. आणि हानी दिसत असूनही खेळ चालूच राहणे. ही अवस्था सामान्यतः बारा महिने टिकलेली असावी आणि अभ्यास, कुटुंब, मैत्री यांस तिने गंभीर बाधा आणलेली असावी, असेही तेथे म्हटले आहे. सुट्टीत आठ दिवस खूप खेळलेल्या मुलास हे नाव देऊ नये. परंतु मूल शाळा टाळू लागले, झोप व जेवण सोडू लागले, पूर्वीचे मित्र आणि छंद त्यास नकोसे झाले, किंवा जगण्याविषयी निराशेचे शब्द त्याच्या तोंडून आले, तर बारा महिने वाट पाहू नये. त्वरित वैद्यकीय सल्ला घ्यावा. बंगळूर येथील निम्हान्स संस्थेत २०१४ पासून अशा तक्रारींसाठी स्वतंत्र सेवा चालते. केंद्र सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची दूरध्वनिसेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. तिचा क्रमांक १४४१६ आहे. ताप आल्यावर वैद्याकडे जाण्यात आपण लाज मानीत नाही. मनाच्या तापाविषयीही तीच वृत्ती असावी.

८. या महिन्याचा स्वाध्याय

एक वही घ्यावी आणि दोन आठवडे रोज पाच गोष्टी लिहाव्यात: खेळ कोणता, केव्हा सुरू झाला, केव्हा संपला, संपल्यानंतर अर्ध्या तासाने मुलाचे मन कसे होते, आणि रात्री झोप किती वाजता लागली. मोठे मूल असल्यास मनाची नोंद त्यानेच करावी. दोन आठवड्यांनी सर्वांनी मिळून वही पाहावी. पुष्कळदा असे दिसून येईल की सर्वच खेळ चिडचीड आणीत नाहीत. एखादा विशिष्ट खेळ, एखादी विशिष्ट वेळ किंवा अपुरी झोप तिच्या मुळाशी असते. मग नियम करताना अंदाजाने बोलावे लागत नाही, आणि मुलासही तो नियम आपल्याच अनुभवातून निघालेला दिसतो.

वहीसोबत पुढील प्रश्नांवर कुटुंबाने एकत्र बसून विचार करावा.

(१) आपल्या घरी खेळ सुरू होण्यापूर्वी त्याचा शेवट ठरलेला असतो काय?
(२) गेल्या आठवड्यात मुलाच्या रागामुळे आपण किती वेळा नियम मोडला?
(३) खेळ संपल्यानंतरची पहिली दहा मिनिटे मुलास कोणाची सोबत असते?
(४) मुलाच्या आवडत्या खेळाचे नाव व रीत घरातील मोठ्यांपैकी कोणास सांगता येईल?
(५) रात्री आपला स्वतःचा मोबाइल कोठे असतो?

भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात आहार, विहार, कर्म, निद्रा आणि जागृती ही सर्व योग्य प्रमाणात असावीत असे सांगितले आहे. विहाराचा, म्हणजे खेळाचा, उल्लेख तेथे आहाराच्या लगेच पुढे येतो, आणि त्यास वर्ज्य म्हटलेले नाही. त्यास प्रमाण घातले आहे. हे प्रमाण मुलास जन्मतः ठाऊक नसते. जेवणाचे प्रमाण आपण त्यास ताटाशी बसवून शिकविले. खेळाचे प्रमाणही जवळ बसूनच शिकवावे लागेल.